मागच्या बाजूचं गाणं : ‘सोल मकोसा’ आणि एका तबकडीचा प्रवास

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी प्रश्नोत्तरं चालू असताना आम्ही बोलता बोलता कबूल करून बसलो, की पुढच्या वेळी डिस्को संगीतावर बोलू. घरी गेल्यावर विचारणा झाली, ‘‘तत्त्वज्ञान संपलं वाटतं?’’ (हशा) संपलेलं नाही. उलट आज जी गोष्ट सांगणार आहोत तिच्यात ‘मूळ कशाला म्हणायचं आणि नक्कल कशाला’, हा जो प्रश्न आम्ही चाळीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहून पुसत आलो, तो सात इंच व्यासाच्या एका तबकडीवर मावलेला आहे. म्हणून हा विषय.

आपल्याकडे डिस्को म्हटलं की डोळ्यांसमोर मिथुन येतो, कपाळाला पट्टी, आणि पाठीमागे बप्पीदांचं संगीत. ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. गंमत अशी, की तोवर अमेरिकेत डिस्को निकालात निघाला होता. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या रेकॉर्डी पेटीत भरून सुरुंग लावून उडवण्यात आल्या होत्या. आपल्याला आज त्याच्याही आधी जायचं आहे. तेव्हा ‘डिस्को’ हे संगीतप्रकाराचं नाव नव्हतं, जागेचं नाव होतं. दिस्कोथेक हा फ्रेंच शब्द बिब्लिओथेक म्हणजे ग्रंथालय, त्याच्यावरून केलेला. ग्रंथालयात ग्रंथ, तशा इथे तबकड्या. जिवंत वाद्यवृंद ठेवणं परवडत नाही किंवा शक्य नाही, म्हणून जिथे रेकॉर्ड लावून नाचतात ती जागा. म्हणजे मुळात हे तबकड्यांचं ग्रंथालय आहे, आणि ग्रंथालयात जे होतं तेच इथे होतं : एखादं पुस्तक कपाटात पडून असतं, आणि एक दिवस कुणीतरी ते काढतं.

तरुण मंडळींसाठी एक खुलासा. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी, हिला तिकडे ‘सिंगल’ म्हणत. आपल्याकडे एच.एम.व्ही.च्या तेवढ्याच आकाराच्या ईपी घरोघरी होत्या, त्यांवर दोन-तीन-चार गाणी असत. सिंगलवर दोनच. एका बाजूला, तिला ए बाजू म्हणायचं, कंपनीला जे गाणं खपवायचं आहे ते. आणि तबकडीला पाठ असतेच, ती कोरी कशी ठेवायची, म्हणून बी बाजूला दुसरं काहीतरी. त्या बाजूकडून कुणाची काही अपेक्षा नसे. आजचं गाणं हे असं पाठीवरचं गाणं आहे.

तर १९७२ साल. मध्य आफ्रिकेतला कॅमेरून हा देश. आधी जर्मनांची वसाहत, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात वाटला गेलेला. फ्रेंचांच्या ताब्यातला भाग १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला, आणि पुढच्या वर्षी इंग्रजी भागाचा दक्षिण हिस्सा त्याला येऊन मिळाला. राष्ट्राध्यक्ष अहमदू अहिजो. आठवी आफ्रिका चषक फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये भरवायची ठरली, यजमानपदाची देशाची ही पहिलीच वेळ. त्यासाठी याउंदे या राजधानीत मोठं मैदान बांधलं, त्याला नाव राष्ट्राध्यक्षांचं. दुआला बंदरात दुसरं बांधलं, त्याचं नाव ‘पुनरेकीकरण मैदान’. बघा, मैदानांच्या नावांतच राजकारण आहे. स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि त्याच वर्षी २० मे रोजी सार्वमत घेऊन संघराज्य मोडून एकसंध प्रजासत्ताक केलं गेलं. असा एक देश, एक चेंडू, एक झेंडा हा सगळा माहौल, आणि अशा प्रसंगाला गीत लागतं. ते गीत करायचं काम मनू दिबांगो या सॅक्सोफोनवादकाकडे आलं.

दिबांगो यांच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या गोष्टीच्या बहुतेक कथनांत ते फक्त रेकॉर्डवरचं नाव म्हणून येतात आणि जातात. जन्म दुआलाचा, १२ डिसेंबर १९३३. आई दुआला समाजाची, वडील याबासी, म्हणजे घरातच दोन भाषा आणि दोन गट. प्रोटेस्टंट चर्चमध्ये आईचा संबंध गाण्याशी, तिथेच मुलाच्या कानावर पहिलं संगीत पडलं. पंधराव्या वर्षी, १९४९ साली, त्यांना शिकायला फ्रान्सला पाठवलं. बोटीनं मार्सेयपर्यंत तीन आठवडे. मुलाबरोबर वडिलांनी काय दिलं असेल? तीन किलो कॉफी. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये कॉफी दुर्मीळ होती, ती यजमान कुटुंबाला सुरुवातीच्या खर्चापोटी द्यायची. पुढे १९८९ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच ‘तीन किलो कॉफी’.

पुढची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. मुलगा शिकायला गेला आणि संगीतात रमला. फ्रान्सिस बेबे नावाचा दुसरा कॅमेरूनी विद्यार्थी, जो पुढे स्वतः नामवंत लेखक-संगीतकार झाला, त्याच्या संगतीत जॅझ ऐकू लागला. परीक्षेत नापास झाला, वडिलांनी पैसे बंद केले. मग ब्रुसेल्स, तिथल्या क्लबांत वादन. १९६० च्या सुमारास काँगोचे मोठे गायक जोसेफ काबासेले भेटले, त्यांच्याबरोबर काँगोच्या राजधानीत जाऊन वाजवलं. मग दुआलाला परत येऊन स्वतःचा क्लब काढून पाहिला, तो काही चालला नाही. १९६५ ला पुन्हा फ्रान्स. तिथे निनो फेरेसारख्या लोकप्रिय फ्रेंच गायकांच्या साथीला ऑर्गन, सॅक्सोफोन. म्हणजे १९७२ साली हा मनुष्य अडतीस वर्षांचा, सर्वत्र वाजवून आलेला, सर्वत्र थोडा परका आणि स्वतःच्या नावावर म्हणावं असं मोठं काहीच नसलेला. आम्हाला हे वय महत्त्वाचं वाटतं. आपण ‘एका रात्रीत’ म्हणतो तेव्हा त्या रात्रीच्या मागे तेवीस वर्षांची मजुरी असते.

सरकारकडून मानधन मिळालं आणि स्पर्धेचं गीत तयार झालं. आता दुसऱ्या बाजूला काय? तिथे दिबांगोंनी मन मानेल ते केलं. दुआलात मकोसा नावाचा नाच आणि त्याची लय होती, शब्द दुआला भाषेतला, नाचाशीच जोडलेला. त्या लयीला त्यांनी अमेरिकन सोल संगीताची चाल जोडली. म्हणून ‘सोल मकोसा’. गाणं म्हणावं तर त्यात गाणं थोडंच आहे. तालवाद्यांवर गिटारची एक छोटी आवर्तनं घेणारी तान, त्यावर सॅक्सोफोनचा ठसठशीत तुकडा, आणि मध्ये मध्ये दिबांगोंचा खर्जातला, घोगरा, गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा आवाज. तो आवाज ‘मकोसा’ हाच शब्द घेतो आणि अडखळल्यासारखा त्याची अक्षरं पुन्हा पुन्हा, तोडून, पुढेमागे करून म्हणतो. आपल्या तबल्याचे बोल आठवा. अर्थ जातो आणि अक्षर उरतं, अक्षराचा ठेका होतो.

आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. दुआलातल्या आईवडिलांच्या घरी या गाण्याचा सराव चालला होता. वडिलांनी ऐकलं आणि ते वैतागले. साधा ‘मकोसा’ शब्द चारचौघांसारखा म्हणता येत नाही का, हे तोतरं बोलणं काय, याउंदेला हे कोण खपवून घेणार, असा एकूण सूर. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा हसलो आणि मग थांबलो. कारण पुढच्या चाळीस वर्षांत जगातल्या सगळ्यांत महागड्या गाण्यांनी या संगीतातून नेमकं काय उचललं असेल, तर ते तोतरं बोलणंच. वडिलांना जी चूक वाटली तीच मालमत्ता ठरली. आपण सगळे बापमाणसं आहोत, म्हणून सांगून ठेवलं. (हशा)

स्पर्धेचं काय झालं? उपांत्य सामन्यात काँगो-ब्राझाव्हिलनं यजमानांना १-० असं हरवलं. कॅमेरूनला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं, चषक काँगोनं नेला. विजयाच्या अपेक्षेनं केलेलं गीत पराभवानंतर कोण वाजवतो? ए बाजू तिथेच संपली, आणि तिच्याबरोबर बी बाजूही संपायला हवी होती. एका देशातली एक स्पर्धा, तिची फ्रान्समध्ये निघालेली एक छोटी तबकडी, फिएस्ता नावाच्या कंपनीची. अशा हजारो तबकड्या निघतात आणि मोडीत जातात.

आता न्यूयॉर्कला जाऊ. मॅनहॅटनमधला ब्रॉडवे रस्ता, क्रमांक ६४७. जुन्या कारखान्याचा एक मजला, त्यात डेव्हिड मॅनकुसो नावाचा तरुण राहत होता. मॅनकुसो अनाथालयात वाढलेला. तिथल्या एक सिस्टर अ‍ॅलिशिया मुलांना रेकॉर्डी लावून द्यायच्या, फुगे बांधायच्या, ती आठवण त्याच्या मनात पक्की बसलेली. १४ फेब्रुवारी १९७० ला त्यानं आपल्या राहत्या जागेत पहिली मोठी मेजवानी दिली. पुढे त्या जागेला ‘द लॉफ्ट’ म्हणू लागले. दारू विकायची नाही, आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, फुगे, फळांचं सरबत, उत्तम दर्जाचे स्पीकर, आणि पहाटेपर्यंत नाच. येणाऱ्यांत काळे, गोरे, पोर्टो रिकन, स्त्रिया, पुरुष, आणि फार मोठ्या संख्येनं समलिंगी लोक. ते १९७० साल होतं. दोन पुरुष एकमेकांबरोबर नाचताना दिसले तर पोलीस धाड घालू शकत होते. स्टोनवॉलचा उठाव जेमतेम आठ महिन्यांपूर्वीचा. कुणाच्या तरी घरी, आमंत्रणावरून, दारू न विकता जमणं ही नुसती हौस नव्हती. तो आडोसा होता.

आणि मॅनकुसोची रेकॉर्ड लावायची पद्धत. पुढे डी.जे. मंडळी एका गाण्यात दुसरं मिसळू लागली. यानं ते जवळजवळ सोडून दिलं. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जशी केली तशी वाजवायची, मध्ये आपलं बोट घालायचं नाही. आम्हाला हे फार आवडतं. ग्रंथपालानं पुस्तक हातात द्यावं, पण त्याची पानं फाडू नयेत.

१९७२ साली मॅनकुसोला ब्रुकलिनमधल्या एका वेस्ट इंडियन रेकॉर्डच्या दुकानात ‘सोल मकोसा’ची तबकडी मिळाली. त्यानं ती लॉफ्टमध्ये लावली आणि लोक वेडे झाले.

इथे आम्हाला एक हरकत नोंदवायची आहे. ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे ‘मॅनकुसोनं ‘सोल मकोसा’ शोधून काढलं’ असं वाक्य असतं. मॅनकुसोबद्दल आदर आहेच. पण शोधून काढलं म्हणजे? ती तबकडी त्याच्या हाती येण्यापूर्वी दुकानात होती ना! दुकानात होती म्हणजे ती कुणीतरी मागवली होती. कॅमेरूनची फुटबॉल स्पर्धा, फ्रान्समधली कंपनी आणि ब्रुकलिनमधलं कॅरिबियन लोकांचं दुकान, ही साखळी आपोआप जोडली जात नाही. १९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला. त्याच कायद्याच्या वाटेनं आपल्याकडचे डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचे नातेवाईक न्यू जर्सीत त्याच्यामुळेच आहेत. त्याच वाटेनं जमैका, त्रिनिदाद, हैतीचे लोक ब्रुकलिनमध्ये मोठ्या संख्येनं आले. त्यांच्यासाठी चालणारी ही दुकानं. तिथे काउंटरमागे बसलेला जो कोणी असेल, ज्यानं एक अनोळखी आफ्रिकन सिंगल ऐकून पाहिली आणि दोन-चार मागवून ठेवल्या, त्याचं नाव या कथांमध्ये येत नाही. कोलंबसनं अमेरिका ‘शोधली’ म्हणण्यातली जी अडचण आहे, तीच इथे.

तर लॉफ्टच्या जमिनीवरून हे गाणं बाहेर पडलं. नाचून घरी गेलेले लोक दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारू लागले. न्यूयॉर्कमध्ये होत्या तेवढ्या प्रती भराभर संपल्या. मग डब्ल्यू.बी.एल.एस. या नभोवाणी केंद्रावर फ्रँकी क्रॉकर यांनी ते लावायला सुरुवात केली. हे केंद्र काळ्या न्यूयॉर्कचं कान होतं म्हणा ना. आता विचार करा : लाखो लोक दिवसभर गाणं ऐकताहेत आणि बाजारात ती रेकॉर्डच नाही. फ्रान्समधून येतील तेवढ्याच. मागणी आहे, माल नाही. अशा ठिकाणी व्यापारी काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे.

वीसहून अधिक वाद्यवृंदांनी ‘सोल मकोसा’च्या आपापल्या आवृत्त्या काढल्या. लॉस एंजेलिसच्या अनुभवी स्टुडिओ वादकांनी एकत्र येऊन ‘आफ्रिक’ असं नाव घेतलं आणि रेकॉर्ड काढली. नाव बघा, आफ्रिकेतला मूळ माणूस बाजारात मिळत नाही म्हणून खंडाचंच नाव लावून टाकलं! नायजेरियाचे ढोलवादक बाबातुंदे ओलातुंजी, जे अमेरिकेत स्थायिक होते, त्यांनीही एक केली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या काही काळ्या अमेरिकन वादकांनी तर आख्खा अल्बम त्या नावानं काढला.

हे सगळे चोर होते का? नाही. हे स्पष्ट केलं पाहिजे, नाहीतर भावनेच्या भरात आपण चुकीचा निकाल देऊ. अमेरिकेत १९०९ सालच्या कायद्यानं एक सोय केली होती. एखादी रचना एकदा रीतसर ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली, की दुसऱ्या कुणालाही ती पुन्हा वाजवून रेकॉर्ड करता येई. रचनेच्या मालकाला दर प्रतीमागे २ सेंट द्यायचे. म्हणजे कायद्याच्या नजरेत रचना वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. रचनेला संरक्षण जुनं होतं. ध्वनिमुद्रणाला, म्हणजे त्या विशिष्ट आवाजाला, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं संरक्षण दिलं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या ध्वनिमुद्रणांना. आणि कॅमेरूनमधली स्पर्धा सुरू झाली २३ फेब्रुवारीला! आठ दिवसांचं अंतर. यातून काही सिद्ध करायचं नाही, नुसता योगायोग आहे. पण जगाला ‘आवाज ही वस्तू आहे’ हे कागदोपत्री सुचण्याचा काळ तो हाच, एवढं ध्यानात येतं.

आता आमचा फळा. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९६८ च्या आपल्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात एक भेद केला. काही कलांमध्ये हुबेहूब नक्कल ही खोटीच ठरते. चित्र घ्या. रेम्ब्रांटच्या चित्राची कितीही सरस प्रत केली तरी ती प्रतच. पण काही कलांमध्ये ‘खोटी प्रत’ ही कल्पनाच बसत नाही. ‘ज्ञानेश्वरी’ची पाच रुपयांची आवृत्ती आणि पाचशेची आवृत्ती, अक्षरं तीच असतील तर दोन्ही ‘ज्ञानेश्वरी’च. पाश्चात्त्य संगीत, जे स्वरलिपीत लिहिलं जातं, ते गुडमननं या दुसऱ्या गटात घातलं. स्वरलिपी पाळली की प्रयोग खरा.

मग ‘सोल मकोसा’ कुठे ठेवायचं? गुडमनच्या हिशेबानं आफ्रिकची आवृत्तीही ‘सोल मकोसा’च. सूर तेच, ठेका तोच. पण नाचणाऱ्यांना ते पटलं नाही. त्यांना हवा होता तो घोगरा आवाज, तो अडखळणारा उच्चार, सॅक्सोफोनचा तो विशिष्ट खरखरीत फुत्कार. म्हणजे या संगीतात स्वरलिपी हे मूळ नाही, ध्वनिमुद्रण हेच मूळ. आणि ध्वनिमुद्रणाच्या तर हजारो प्रती, त्या सगळ्या सारख्याच खऱ्या. तरीही संग्राहक मात्र त्यातली एक तबकडी, पहिली, फ्रेंच, पाठीवर फुटबॉलचं गीत असलेली, ती चित्रासारखी जपतो. एकाच वस्तूकडे तीन माणसं तीन प्रकारे बघताहेत : वकील, नाचणारा आणि संग्राहक. गुडमनला या तिघांना एका खोलीत बसवायची वेळ आली नाही, हे त्याचं नशीब.

अखेर अटलांटिक या मोठ्या अमेरिकन कंपनीनं मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क घेतले आणि १९७३ साली अमेरिकेत सिंगल काढली. उन्हाळ्यात बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते ३५ व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वेळी त्याच यादीत आफ्रिकची आवृत्तीही होती, ती ४७ पर्यंत गेली. मूळ आणि नक्कल एकाच जिन्यावर, बारा पायऱ्या पुढेमागे. ३५ हा आकडा लहान वाटेल. पण नाचणाऱ्यांच्या पायांनी वर नेलेलं हे अगदी पहिल्यांपैकी एक गाणं. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हिन्स अलेटी या समीक्षकांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये या नाचघरांच्या संगीतावर लेख लिहिला, डिस्कोवरचं पहिलं गंभीर लेखन म्हणून त्याचा उल्लेख होतो, त्यात ‘सोल मकोसा’ आहे. दोन वर्षांनी मॅनकुसो, अलेटी आणि इतरांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये ‘रेकॉर्ड पूल’ सुरू केला. कंपन्यांनी नव्या रेकॉर्डी तिथे द्यायच्या, डी.जें.नी त्या वाजवायच्या. दुकानात तबकडी हुडकत बसण्याच्या दिवसांची ती एक प्रकारे अखेर.

दिबांगो स्वतः अमेरिकेत गेले. हार्लेमच्या अपोलो थिएटरात वाजवलं, यांकी स्टेडियमवर फानिया ऑल-स्टार्स या लॅटिन वाद्यवृंदाबरोबर वाजवलं. इथे गोष्ट सुखान्त संपवता आली असती.

१९८३-८४ च्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची कॅसेट रात्रंदिवस वाजत असे. आम्ही तेव्हा रेक्टर होतो, म्हणजे ती बंद करायला सांगणं हे आमचं काम. (हशा) त्यातलं पहिलंच गाणं, त्याच्या शेवटी अनेक आवाज मिळून काही अनाकलनीय अक्षरांचा घोष करतात. मुलं ती अक्षरं जिन्यावरून उड्या मारत म्हणत. आम्हाला वाटे, हे काहीतरी अमेरिकन पोरखेळ असेल. ती दुआला भाषेच्या शब्दाची मोडतोड आहे, मूळ मोडतोड एका कॅमेरूनी माणसानं केली आणि तिच्यावर त्याच्या वडिलांनी डोळे वटारले होते, हे कळायला आम्हाला आणखी पंचवीस वर्षं लागली. ‘थ्रिलर’ नोव्हेंबर १९८२ अखेरचा. त्याच्यावर दिबांगोंचं नाव नव्हतं. त्यांनी दाद मागितली, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीनं मिटलं.

इथे कुणी म्हणेल, की चार अक्षरांची काय मालकी? आमच्या मनातही हा प्रश्न बरेच दिवस होता, आणि त्याला आपल्याकडच्या परंपरेचं कारण आहे. राग कुणाच्या मालकीचा नसतो. यमन कुणीही गावा. पण बंदिश? घराण्यातले बुजुर्ग आपली चीज परक्यासमोर गात नसत, गायलीच तर अस्थायी म्हणून अंतरा गिळून टाकत. पंडित भातखंडे गावोगाव फिरून चिजा गोळा करून छापू लागले, तेव्हा कितीतरी गवयांना तो घरफोडीचा प्रकार वाटला. आज आपण भातखंड्यांचे ऋणी आहोत, आणि ते योग्यच. पण त्या गवयांनाही आज आम्ही पूर्वीइतकं संकुचित म्हणणार नाही. त्यांच्याकडे जमीन नव्हती, पेन्शन नव्हतं; होत्या त्या चिजा. आणि भातखंड्यांनी छापलं ते सर्वांना मिळावं म्हणून. कॅमेरूनच्या त्या अक्षरांच्या बाबतीत मात्र ती सर्वांची झाली नाहीत, ती दुसऱ्या कुणाची तरी खासगी मालमत्ता झाली. हा फरक आहे. लोकांनी उचललं तर ती परंपरा. उचलून त्याला कुंपण घातलं तर वेगळं नाव द्यावं लागतं.

कुंपण म्हणतो ते अलंकारानं नव्हे. २००७ साली रिहाना या गायिकेचं एक गाणं आलं, तिच्यातही तीच अक्षरं. तिच्या बाजूनं रीतसर परवानगी घेतली गेली. कुणाची? मायकेल जॅक्सनची. जॅक्सननं ती दिली. दिबांगोंना कुणी विचारलं नाही. २००९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या न्यायालयात दोघांविरुद्ध दावा लावला, पाच लाख युरोंची मागणी केली. न्यायालयानं तो दाखल करून घेण्याजोगा नाही असं ठरवलं. कारण असं, की आदल्या वर्षी दुसऱ्या एका न्यायालयात त्यांना त्या गाण्याच्या पुढच्या फ्रेंच आवृत्त्यांवर आपलं नाव छापून मिळालं होतं आणि त्या वेळी त्यांनी तक्रार मागे घेतली होती. नाव मिळालं ना, मग पैसे कशाला, असा त्याचा साध्या मराठीत अर्थ. निकाल कायद्याला धरून असेलही. आम्हाला तो बोचतो.

दिबांगो त्यानंतरही वाजवत राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, तुळतुळीत डोकं, आणि कुणी काही म्हटलं की गडगडाटी हसणं. मुलाखती जरूर बघा. २४ मार्च २०२० ला फ्रान्समध्ये कोविडनं गेले, शहाऐंशी वर्षांचे होते. तो आठवडा आठवतोय ना, आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली ती त्याच संध्याकाळी. त्यामुळे ती बातमी आमच्याही नजरेतून सुटली, आणि फार उशिरा, हे टिपण तयार करताना, तारीख पाहून चमकलो.

एक शेवटची गोष्ट, तबकडीविषयीची, मग प्रश्न घेऊ. अटलांटिकनं अमेरिकेत सिंगल काढली तेव्हा ‘सोल मकोसा’ पुढच्या बाजूला आलं, आणि मागे दिबांगोंचंच ‘लिली’ नावाचं दुसरं गाणं घातलं. चषकाचं गीत, ज्याच्यासाठी सरकारनं पैसे मोजले, मैदानं बांधली, ते गळून पडलं. ते होतं त्या मूळ फ्रेंच तबकडीवर. त्या तबकडीसाठी आज जे हुडकत फिरतात, त्यांना ते गीत नकोच आहे, त्यांना पाठीवरचं हवं आहे. आणि ज्या प्रती त्या काळी नाचघरांतून रात्र रात्र वाजल्या, त्यांची ‘सोल मकोसा’ची बाजू सुईनं झिजून करडी झालेली असणार. उलटून पाहिलं तर कॅमेरूनच्या विजयाच्या गीताच्या खाचा अगदी कोऱ्या, चकचकीत.

हं, तिकडे मागे कुणाचा तरी हात वर आहे. बोला.